‘हो’साठी एक दाबा

तुम्ही खोटारडे आहात. काचेच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर, स्वेटर घालावा लागेल एवढ्या गारव्यात बसता, भिंतीएवढ्या पडद्यावर हिरवे ठिपके बघता आणि वर कळवता की सगळीकडे व्होल्टेज व्यवस्थित आहे. एक ठिपका लाल व्हायला पाहिजे होता. तो हिरवा करायचीसुद्धा मेहनत तुम्ही घेतली नाहीत. तुम्ही तो पडद्यावरून काढूनच टाकलात. त्या ठिपक्याच्या घरात एक बाई नाकात नळी घालून श्वास घेत होती. तिचं नाव तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगतो. चंद्रप्रभा टिळेकर, वय सदुसष्ट, मयूर विहार.

तिचा नवरा ज्ञानोबा टिळेकर. मूळचा लातूरकडचा. तेविसाव्या वर्षी सरकारी परीक्षा पास होऊन दिल्लीला आला, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये तीस वर्षं राहिला आणि एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाला. मग मयूर विहारला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा, डीडीएच्या सरकारी योजनेतला फ्लॅट घेतला. लिफ्ट नाही. घेतला तेव्हा दोघांचे गुडघे शाबूत होते, लिफ्टचा विचार कोण करतो.

ज्ञानोबांची मंत्रालयात एका गोष्टीसाठी ख्याती होती. त्यांनी फायलीवर कधी खोटी ओळ लिहिली नाही. एकदा साहेब म्हणाले, टिळेकर, लिख दो फाइल कल आई थी. यांनी सुंदर अक्षरात लिहिलं, ‘फाईल आज प्राप्त झाली. कालची तारीख टाकण्याची तोंडी सूचना मिळाली आहे.’ त्या एका ओळीपायी बढती सहा वर्षं लटकली. ज्ञानोबांना त्याचं काही वाटलं नाही. चंद्रप्रभाबाईंना वाटलं, आणि त्यांनी ते वेळोवेळी बोलून दाखवलं.

गेल्या हिवाळ्यात बाईंची फुफ्फुसं आखडत चालल्याचं निदान झालं. बरं होणारं दुखणं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, चोवीस तास ऑक्सिजन ठेवा, पुष्कळ वर्षं काढतील. सरकारी दवाखान्यातून ऑक्सिजनचं यंत्र मिळालं. लहान मुलाच्या उंचीचं, चाकांवरचं, दिवसभर फुस्स-फुस्स करणारं. भिंतीवरच्या प्लगमधून वीज घ्यायचं आणि खोलीतल्या हवेतून बाईंसाठी श्वास काढून द्यायचं. हिवाळा गेला, होळी गेली, सगळं ठीक चाललं होतं.

मे महिन्यापासून रोज सकाळी अकराच्या सुमाराला घरातली वीज आजारी पडायला लागली. जायची नाही. जाती तर बरं झालं असतं. ट्यूब फडफडायची आणि लागायची नाही. पंख्याची पाती मोजता यायची. स्टॅबिलायझर टकटक करून हात वर करायचा आणि ऑक्सिजनचं यंत्र किंचाळून बंद पडायचं. मग इन्व्हर्टर. इन्व्हर्टरची बॅटरी दुपारी अडीचपर्यंत दम धरायची. त्यानंतर संध्याकाळी वीज सावरेपर्यंत सिलिंडर. सिलिंडर एका दुपारीत संपायचा. दुसऱ्या दिवशी रिक्षावाला भरलेला सिलिंडर जिन्याशी टाकून जायचा, आणि एकाहत्तर वर्षांचे ज्ञानोबा तो एकेक पायरी करत वर चढवायचे. एक पायरी, थांबा. दुसरी पायरी, थांबा. तीन मजले.

स्टॅबिलायझरवर व्होल्टेजचा छोटा आकडा दिसायचा, दोनशे तीसच्या आसपास असायला हवा तो. तो बघणं हा घरातला नवा धर्म झाला होता.

“काय म्हणतोय?” बाई विचारायच्या.

“एकशे अडुसष्ट.”

“काल एकशे बहात्तर होता. चालू द्या, शंभराच्या आत आला की पेढे वाटू.”

“बोलू नकोस, दम लागेल.”

“मग काय करू? न बोलता मेली म्हणून फोटो लावाल भिंतीवर.”

ज्ञानोबा फोन उचलायचे. वीज कंपनीचा नंबर लावला की एक गोड बाई, माणूस नव्हे, आवाज, विचारायची, “क्या आपके घर में बिजली आ रही है? हाँ के लिए एक दबाइए, नहीं के लिए दो.”

“दोन दाबा,” चंद्रप्रभाबाई पलंगावरून म्हणायच्या.

“लाइट आहे ना पण.”

“ही लाइट आहे?”

“कमी आहे. नाही, असं कसं म्हणू?”

“समोरच्या भाटियांनी दोन दाबलं होतं. लाइनमन आला, खांबावर चढला, दुसऱ्या फेजवर जोडून दिलं.”

“ते गेल्या वर्षी. नवी मीटरं लागायच्या आधी. मग सगळ्यांनीच तसं करून घेतलं, आता तिन्ही फेज सारखेच मेलेत. भाटियांचा एसी तरी चालतोय का दुपारचा?”

“तुम्ही दोन दाबा हो. कोण फाईल तपासायला बसलंय?”

ज्ञानोबा एक दाबायचे. कारण वीज येत होती. कमी येते, यासाठी तीन असा नंबर असायला हवा होता, पण तो नव्हता. एक दाबल्याबरोबर गोड बाई म्हणायची, “धन्यवाद. आपके यहाँ सप्लाई सामान्य है. आपकी शिकायत बंद की जाती है.” तक्रार सांगायच्या आत तक्रार बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा एक. मधूनमधून त्यांनी अर्जही लिहिले. परिच्छेदांना क्रमांक घालून, सविनय, सोबत रोजचे आकडे जोडून. उत्तर मोबाईलवर यायचं, तुमच्या समस्येचं निवारण झालं आहे.

महिनाअखेर ते कंपनीच्या जवळच्या ऑफिसात गेले. खिडकीतल्या मुलीने ग्राहक क्रमांक घातला.

“अंकलजी, आपकी सप्लाई तो ओके है.”

“सिस्टम में ओके होगी, बेटा. घर में नहीं है.”

“आपने खुद हाँ बोला है.” तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. “एक बार नहीं, उन्नीस बार.”

ज्ञानोबांनी चष्मा वर सारून बघितलं. खाली खाली एकोणीस ओळी, प्रत्येकीपुढे तारीख, वेळ आणि ‘ग्राहक द्वारा पुष्टि’. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर खरं-खोटं बघणाऱ्या माणसाला स्वतःच्या खऱ्याची अशी यादी पहिल्यांदा दिसली. त्यांनी एवढंच विचारलं, की हे व्होल्टेज वर-खाली करणारा माणूस कोण, त्याला मला भेटायचंय. मुलगी म्हणाली, आदमी नहीं है अंकलजी, एआय है, नोएडा की कंपनी ने बनाया है. आणि पुढच्याला बोलावलं.

दिल्लीतल्या मराठी माणसाचं एक बरं असतं. चार फोन केले की पाचवा माणूस ओळखीचा निघतो. सरोजिनी नगरला शेजारी राहणारे सुधाकर कुलथे आता द्वारकेला असतात. त्यांची मुलगी उल्का नोएडाला विजेच्याच कुठल्याशा सॉफ्टवेअरवर काम करते, एवढं ज्ञानोबांना गणपतीत कळलं होतं. लहानपणी ही पोरगी शाळेतून आली की कुलूप असलेल्या स्वतःच्या घरासमोर न थांबता सरळ यांच्या स्वयंपाकघरात शिरायची. ज्ञानोबांनी फोन लावला. मयूर विहारची वीज बघणारी नोएडाची कंपनी हीच का, विचारलं. तीच.

“काका, ऑफिसमध्ये नका येऊ,” उल्का म्हणाली. “लंच टाइमला खाली या. सेक्टर बासष्ट.”

भाटियाबाईंना चंद्रप्रभाबाईंपाशी बसवून ज्ञानोबा मेट्रोने गेले. उल्का गेटाबाहेर कडुलिंबाखाली उभी होती, गळ्यात ओळखपत्र, हातात न उघडलेला डबा. तिने काकूंची चौकशी केली, ज्ञानोबांनी सगळं सांगितलं. मग म्हणाली,

“काका, मी रात्री तुमचा मीटर बघितला. तुमचा ग्राहक नंबर टाकून.”

“मग?”

“सबस्टेशनजवळ त्या तीन मोठ्या सोसायट्या आहेत ना, त्यांनी गच्चीवर सोलर लावलंय. दुपारी ऊन तापलं की तिकडे व्होल्टेज चढतं. अडीचशेच्या वर. मग मॉडेल, म्हणजे तो एआय, सबस्टेशनच्या ट्रान्सफॉर्मरवरून व्होल्टेज खाली ओढतं. पण ते फक्त त्यांचं नाही उतरत, पूर्ण लाइनचं उतरतं. आणि तुम्ही लाइनच्या एकदम, वो क्या बोलते, पूंछ…”

“शेपूट.”

“हां, शेपटाला. तिथे पोचेपर्यंत ते अजून पडतं.”

“मग त्याला कळत नाही का इकडं माणसं आहेत?”

“कळायचं. तुमच्याकडचे मीटर दर पंधरा मिनिटांनी सांगायचे, इथे कमी झालंय, अजून खाली नको. मॉडेल ऐकायचं. सोसायट्यांना थोडं जास्त, तुम्हाला थोडं कमी, असं मधलं काढायचं. एप्रिलपर्यंत बिल्कुल ठीक होतं. मेमध्ये ऊन वाढलं, ते मधलं पुरेना, तेव्हा तुमच्याकडे पहिल्यांदा पडलं आणि तुमचे फोन सुरू झाले.”

“आणि आता?”

उल्काने डबा या हातातून त्या हातात घेतला. “आता त्याला तुमचा मीटर दिसत नाही. खराब म्हणून बाद केलाय.”

“मीटर नवा आहे. वर्ष नाही झालं.”

“मीटर ठीक आहे, काका. पण लाखो मीटर आहेत, कुठला खराब हे माणसाने किती तपासायचं? म्हणून ते पण मॉडेललाच शिकवलं. मीटर म्हणतो एकशे अडुसष्ट. त्याच वेळी ग्राहक फोनवर सांगतो, सप्लाई येतेय. दोघांपैकी खरा कोण? तर ग्राहक खरा. मीटर खराब.” ती थांबली. “बाकी लोक एकदा-दोनदा फोन करतात, मग कंटाळतात. एकोणीस वेळा कोणीच नाही केलेला. तुमच्या उत्तरांवरून ते एकदम पक्कं शिकलं. मग तुमच्या मीटरसारखे दिसणारे अजून अकरा त्याने शोधले, तेही बाद केले. तुमचा पूर्ण ब्लॉक.”

झाडाच्या पारावर एक कुरियरवाला झोपला होता. ज्ञानोबा त्याच्या पायाशी टेकले.

“म्हणजे मी हो म्हणालो म्हणून.”

“तुम्ही नाही, काका.”

“मीच. आणि मी खरं बोललो म्हणून. एकदा खोटं बोललो असतो तर अकरा घरं वाचली असती, असंच ना?”

“प्लीज असं नका बोलू.” तिचे डोळे भरले होते. “तो नियम मी लिहिलाय. ग्राहक खरा, मीटर खराब. मला वाटलं, यंत्रापेक्षा माणसाचं ऐकावं. चांगलंच वाटलं होतं लिहिताना. फोनवर ‘कमी येते’साठी तीन नंबर ठेवा, असा मेल पण टाकला होता मी. वरून आलं, नको, तक्रारी वाढतील.”

“वरून म्हणजे कोण?”

“वरून म्हणजे… वरून, काका.”

हे ‘वरून’ ज्ञानोबांना चांगलं माहीत होतं. सदतीस वर्षं त्याच्याच खाली बसले होते.

“बरं. तो शिक्का काढ आता मीटरवरचा.”

“मला नाही काढता येत. लाइनमनने जाऊन मीटर चेक करून रिपोर्ट द्यावा लागतो.”

“मग पाठव लाइनमन.”

“तो तेव्हाच जातो जेव्हा मीटर एकदम बंद पडतो. तुमचा चालू आहे, सिग्नल देतोय. चालू आहे म्हणजे लाइट आहे, असं सिस्टम धरतं.”

“थांब. तोच मीटर. तो चालू आहे यावर तुमचा विश्वास, पण तो काय सांगतो यावर नाही. साक्षीदाराची हजेरी मांडायची आणि जबानी फाडून टाकायची.”

ते निघताना उल्काने डबा त्यांच्या हातात दिला, काकूंना द्या म्हणाली. आत दोडक्याची भाजी होती. मेट्रोत ज्ञानोबा तो मांडीवर धरून बसले आणि एकच वाक्य घोळवत राहिले. मीटर एकदम बंद पडतो तेव्हाच.

उल्काने त्या आठवड्यात वर तीन मेल पाठवले. एकाचंही उत्तर आलं नाही.

जूनच्या दुसऱ्या सोमवारी पारा पंचेचाळिसावर होता. अकरा वाजता ट्यूब फडफडली. ज्ञानोबांनी फोन लावला, आणि गोड बाईने विचारल्यावर आयुष्यात पहिल्यांदा दोन दाबलं. आवाज म्हणाला, “आपका मीटर चालू है. शिकायत दर्ज नहीं की जा सकती.”

त्यांनी फोन ठेवला. आधीच सगळं मनात मांडून झालं होतं. इन्व्हर्टर अडीचपर्यंत. भरलेला सिलिंडर घरात, तो सहापर्यंत. कंपनीच्या भिंतीवर लिहिलंय, दोन तासांत माणूस येईल. ते खाली उतरले, जिन्याखालची पेटी उघडली, आपल्या नावाच्या मीटरच्या आधीचा फ्यूज रुमालात धरून उपसला. मीटरवरचा लुकलुकणारा दिवा विझला. वर येऊन पुन्हा दोन दाबलं. या वेळी तक्रार नोंदली गेली, नंबर मिळाला.

“काय केलंत खाली?” बाईंनी विचारलं.

“फ्यूज काढला.”

बाई बघत राहिल्या. “म्हणजे खोटं बोलता येईना म्हणून खरोखर अंधार करून आलात.”

“आता नाही म्हणालो ते खरं आहे.”

त्या हसायला लागल्या. हसता हसता खोकल्या, खोकता खोकता निळ्या पडल्या, मग सावरल्या. “एका बाईला हे जन्मभर पुरलं,” त्या म्हणाल्या. कौतुक होतं की शिव्या, ज्ञानोबांना नेमकं कळलं नाही.

पण एक गोष्ट त्यांच्या हिशेबातून सुटली होती. महिनाभर कमी दाबाच्या विजेवर ती बॅटरी पुरती कधी भरलीच नव्हती. दर दिवशी थोडी थोडी रिकामी राहत गेली होती, आणि आज पंखाही तिच्यावरच आला होता. त्या दिवशी अडीच वाजायच्या कितीतरी आधी, एक वाजताच, तिने मान टाकली. यंत्र किंचाळलं. ज्ञानोबांनी सिलिंडर जोडला. पंखाही गेला होता. सगळ्यात वरचा मजला, छत तव्यासारखं तापलेलं, खोलीत हवा नावाचं काही उरलं नव्हतं. बोटाला लावायच्या छोट्या यंत्रावर बाईंचा ऑक्सिजन एक्क्याण्णव दाखवत होता. मग एकोणनव्वद. बाई तोंड उघडून हवा शोधायला लागल्या, तसा ज्ञानोबांनी सिलिंडरचा खटका वाढवला. कोणीही वाढवला असता. आकडा ब्याण्णववर आला, ज्ञानोबांना हुश्श झालं, आणि सिलिंडर आणखी भराभर रिकामा होऊ लागला.

तक्रारीला दोन तास होऊन गेले. ज्ञानोबांनी खिडकीतून रस्ता बघितला. तीन वाजले. फोन लावला. “आपकी शिकायत पर कार्य चल रहा है.” भाटियाबाई ओला पंचा घेऊन आल्या, बाईंच्या कपाळावर ठेवला, पुठ्ठ्याने वारा घालत बसल्या. साडेतीनला सिलिंडरचा काटा लाल रेघेवर टेकला. दुकानदार फोनवर म्हणाला, आज गाडीच आली नाही, उद्या. फ्यूज परत लावावा तर वीज कसली येणार, एकशे साठ, यंत्र तिच्यावर चालायचं नाही. ज्ञानोबा खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जात होते आणि तिथून परत येत होते. काही करता येण्यासारखं उरलं नव्हतं आणि हात रिकामे राहवत नव्हते. त्यांनी खिडकीचा पडदा ओला केला. मग पाणी आणलं. मग ते पाणी कशाला आणलं ते त्यांना आठवेना.

“अहो,” बाई म्हणाल्या. तेवढंच. पुढचं वाक्य छातीत अडकलं.

चारला सिलिंडर फुसफुसून थांबला. अठ्ठ्याहत्तर. भाटियाबाईंनी ॲम्ब्युलन्सला फोन केला. ती वीस मिनिटांनी आली. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर वळेना, म्हणून त्यांनी बाईंना घरातल्याच खुर्चीत बसवलं, ओढणीने बांधलं. दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरले असतील, तेवढ्यात खालून लाइनमन वर आला. कमरेला पक्कड, हातात मोबाईल. त्याने काही न विचारता खुर्चीचा पुढचा पाय धरला आणि बाईंना खालपर्यंत उतरवलं. गाडीतला ऑक्सिजन लावल्यावर बाईंच्या ओठांचा रंग थोडा परत आला. भाटियाबाई गाडीत चढल्या. ज्ञानोबा चढणार, तोच पेटीपाशी गेलेला लाइनमन म्हणाला,

“अंकलजी, फ्यूज तो किसी ने निकाल रखा है.”

“मैंने निकाला. तुम आ जाओ, इसलिए. अब वोल्टेज नापो. नापकर लिख दो, बस.”

लाइनमनने फ्यूज बसवला. खिशातून व्होल्टेज मोजायचं यंत्र काढून दोन टोकं टेकवली. एकशे बासष्ट. त्याने तोंडाने शीळ घातली. मग मोबाईल ज्ञानोबांपुढे धरला. “देख लो आप ही. दो ही खाने हैं. सप्लाई चालू की, या नहीं की. वोल्टेज लिखने का खाना ही नहीं है. मैं कहाँ लिखूँ?”

त्याने लिहिलं ते असं, सप्लाई चालू. उपभोक्ता ने स्वयं फ्यूज निकाला था. त्याच्याकडे तिसरं काही लिहायला जागा नव्हती. त्या नोंदीवरून मॉडेल आणखी काय शिकलं असेल, ते मॉडेललाच माहीत. मीटरवरचा शिक्का मात्र होता तसाच राहिला.

बाई वाचल्या. चार दिवस हॉस्पिटलात भिंतीतून येणाऱ्या ऑक्सिजनवर राहिल्या. तिसऱ्या दिवशी नर्सला दिल्लीत चांगली भाकरी कुठे मिळत नाही यावर बोलत होत्या, म्हणजे सावरल्या असं समजायचं. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, उद्या दुपारी घरी न्या, इथे बेडसाठी लोक जमिनीवर झोपलेत. घर पे मशीन तो है न? ज्ञानोबा म्हणाले, है. चलती है न? डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

त्याच दुपारी ज्ञानोबा सेक्टर बासष्टला, उल्काच्या कंपनीच्या त्या काचेच्या इमारतीत गेले. उल्का दाराशी थांबली होती. तिने तिचा तो जुना मेल आणि वरून आलेलं ‘नको’ छापून आणलं होतं. तिची नोकरी त्या दोन कागदांवर जाणार हे तिला माहीत होतं. तिच्या बापाला अजून माहीत नव्हतं.

“तू वर येऊ नकोस,” ज्ञानोबा म्हणाले.

“काका, चलो.”

चौथ्या मजल्यावर साहेब भेटले. सभ्य माणूस. खुर्ची दिली, पाणी मागवलं. भिंतीवरचा पडदा दाखवला, सगळा हिरवा. म्हणाले, मिसेसचं ऐकून वाईट वाटलं. म्हणाले, पण ही प्रणाली स्वतः शिकते, यात कोणा एका माणसाचा निर्णय नसतो. उल्काने कागद पुढे ठेवले. साहेबांनी ते वाचले, उलटे करून ठेवले आणि म्हणाले, हा अंतर्गत पत्रव्यवहार आहे, हा बाहेर कसा आला.

“माझ्या पुढ्यात आला,” ज्ञानोबा म्हणाले. “मी बाहेरचा नाही. तुमच्या मशीनला मी शिकवलंय. एकोणीस वेळा.”

साहेब म्हणाले, आम्ही समिती नेमतो. पंधरवड्यात अहवाल येईल.

ज्ञानोबांनी पिशवीतून एक कोरा कागद काढला. मंत्रालयात वापरायचे तसा, डावीकडे रुंद समास सोडलेला. त्यावर सुंदर अक्षरात वरच्या बाजूला लिहून आणलं होतं, रुग्ण चंद्रप्रभा टिळेकर उद्या दुपारी बारा वाजता घरी पोचतील. त्याखाली, दुपारी तीन वाजता त्यांच्या घरी व्होल्टेज किती असेल. त्याखाली मोकळी ओळ. त्याखाली, नाव आणि सही. कागद त्यांनी साहेबांपुढे सरकवला आणि स्वतःचं पेन टोपण काढून त्यावर ठेवलं.

साहेबांची नजर पडद्याकडे गेली.

“तिकडे बघू नका,” ज्ञानोबा म्हणाले. “तिथे माझं घर नाही. उद्या मी तिला घरी आणू की नको, एवढंच विचारतोय. मशीनला नाही, तुम्हाला. आकडा लिहा, खाली नाव लिहा. मी बसलोय.”